आधी चाल, मग पद : हुबळी-धारवाडचे मराठीवरील स्वरऋण

जुन्या मराठी संगीत नाटकाचे पुस्तक हाती घेतले, की पदांच्या माथ्यावर बारीक टाइपात छापलेली एक ओळ दिसते. तीत 'चाल' हा शब्द असतो आणि त्यापुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे आरंभीचे दोन-तीन शब्द असतात. बहुतेक वाचक ती ओळ ओलांडून पदाकडे वळतात. वस्तुतः नाटककाराने त्या एका ओळीत आपल्या ऋणाची नोंद करून ठेवलेली असते. हे पद सुचण्यापूर्वी दुसरे एक गाणे कानी पडले होते, त्याचे सूर मनात घर करून राहिले होते आणि शब्द मागाहून आले, असे ती ओळ सांगते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नाटकांत अशा ओळींतून लावण्या, कीर्तनातील पदे आणि साक्या-दिंड्या यांच्या बरोबरीने कानडी गाण्यांच्या चालीही भेटतात. मराठी रंगभूमीच्या वैभवाचा पाया घालणाऱ्या नाटकांनी आपले सूर कोठून आणले, याचे उत्तर तेथे छापील स्वरूपात आहे.

संगीताने माणसाला स्फूर्ती मिळते, हे विधान इतके सर्वमान्य आहे की त्याचा अर्थ तपासण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. परंतु ती स्फूर्ती कोणाकडून कोणाला मिळाली, कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत गेली आणि जाताना तिचे काय झाले, हे पाहू लागले म्हणजे इतिहास हाती लागतो. हुबळी-धारवाडच्या परिसरात हा इतिहास विशेष ठळक आहे. येथील मराठी माणसाला मराठी संगीत नाटक हे पुण्या-मुंबईकडून आलेले वैभव वाटत आले. त्याचे मूळ शोधू गेल्यास वाट पुन्हा याच मातीकडे वळते.

'दुर्गदबैल' हे नाव प्रथम ऐकणाऱ्या मराठी माणसाला त्यात बैल दिसतो. कानडीत 'बयलु' म्हणजे मोकळे मैदान आणि 'दुर्गद' म्हणजे दुर्गाचे. किल्ल्यापुढील मोकळी जागा, एवढाच त्या नावाचा सरळ अर्थ. आज तेथे मोकळे असे फारसे काही उरलेले नाही. दुकानांची दाटी, सायंकाळी लागणाऱ्या खाद्यपदार्थांच्या गाड्या आणि कानडी, मराठी, उर्दू, हिंदी यांची सरमिसळ असलेली बोली, असे त्या बाजारपेठेचे रूप आहे. नावात मात्र मैदान टिकून आहे. याच 'बयल' शब्दापासून 'बयलाट' हा शब्द झाला. बयलाट म्हणजे उघड्या जागेतला खेळ, म्हणजेच कानडी मुलखातील लोकनाट्य. त्याचे दोड्डाट आणि सण्णाट हे प्रकार उत्तर कर्नाटकाच्या खेड्यापाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. सुगी आटोपली, की गावच्या मैदानात मशालींच्या उजेडात रात्रभर गाणे, नाच आणि कथा चाले. ज्याला अक्षरओळख नव्हती त्यालाही त्यातील चाली तोंडपाठ असत.

दुर्गदबैलचा चौक मध्य धरून नकाशावर एक वर्तुळ काढावे. सुमारे वीस किलोमीटरवर धारवाड, दुसऱ्या अंगाला तितक्याच अंतरावर कुंदगोळ, आणि साठ किलोमीटरच्या आत गदग. या एवढ्याशा टापूत सवाई गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, बसवराज राजगुरू आणि भीमसेन जोशी यांच्यासारखे गायक घडले. एवढे गुणी एकाच मुलखात कसे जन्मले, असा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि येथील हवा-पाण्याला त्याचे श्रेय देऊन तो सोडूनही दिला जातो. हवा-पाण्यापेक्षा कानांकडे पाहिल्यास अधिक समाधानकारक उत्तर मिळते. दक्षिणेकडून कर्नाटक संगीत, उत्तरेकडून ख्याल-ठुमरी, पश्चिमेकडून नाट्यपद, मठांतून वचने, दासांची पदे आणि खेड्यांतून बयलाट, हे सर्व सूर येथील माणसाच्या कानांवर लहानपणापासूनच पडत होते.

१८४३ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. त्याच्या थोडे आधी उत्तर कानडा जिल्ह्यातील कर्की येथील भागवत मंडळींचा खेळ सांगली संस्थानात झाला होता. तो पाहून अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना मराठीत तसे काही करण्याची आज्ञा केली. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी भाव्यांचे 'सीतास्वयंवर' सांगलीत झाले आणि मराठी नाटकाचा प्रारंभ त्या दिवसापासून मानला जाऊ लागला. त्याच वर्षी, ३१ मार्च रोजी, तत्कालीन धारवाड जिल्ह्यातील आणि आज बेळगाव जिल्ह्यात असलेल्या गुर्लहोसूर या गावी बळवंत पांडुरंग किर्लोस्कर यांचा जन्म झाला. मराठी नाटक आणि मराठी संगीत नाटकाचा जनक ही जणू जुळी भावंडे, आणि दोघांच्याही मागे कानडी खेळ व कानडी मुलूख उभा. हा निव्वळ योगायोग आहे खरा. तथापि त्यामागील भूगोल योगायोगाचा नाही. कृष्णेच्या दक्षिणेस मराठी आणि कानडी शतकानुशतके एकाच घरात, एकाच बाजारात आणि एकाच देवळात नांदत आल्या आहेत. ज्ञानदेवांनी विठ्ठलाला 'कानडा' म्हटले आणि पुरंदरदासांनी आपल्या पदांच्या शेवटी 'पुरंदर विठ्ठल' ही मुद्रा ठेवली, यातही तोच भूगोल आहे.

बाल किर्लोस्करांचे आरंभीचे दिवस गुर्लहोसूरला गेले आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास ते शिक्षणासाठी धारवाडला आले. पुढे कोल्हापूर, पुणे असा प्रवास करून ते बेळगावात शिक्षक झाले व नंतर महसूल खात्यात नोकरीस लागले. शिक्षणात त्यांचे मन फारसे रमले नाही. नाटक आणि गाणे यांत मात्र ते पूर्ण रमले. बेळगावी त्यांनी 'भरतशास्त्रोत्तेजक मंडळी' काढली. १८८० मध्ये पुण्यात पारशी मंडळीने केलेला 'इंद्रसभा' हा संगीत खेळ त्यांनी पाहिला आणि मराठीत असे नाटक का होऊ नये, या विचाराने त्यांना घेरले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले. १८८२ मध्ये 'सौभद्र' आले.

'इंद्रसभा' पाहून चेतवले गेलेले मन आणि 'शाकुंतला'त प्रत्यक्ष उतरलेले सूर यांतील अंतर येथे ध्यानात घेतले पाहिजे. पारशी खेळाने त्यांना कल्पना दिली. सूर मात्र त्यांनी आपल्या बालपणातून काढले. पूर्वीच्या नाटकांत सूत्रधार एकटा गात असे आणि पात्रे संवाद बोलत. किर्लोस्करांनी गाणे पात्रांच्या तोंडी दिले. शकुंतला स्वतः गाऊ लागली, दुष्यंत स्वतः गाऊ लागला. एवढ्या पदांना चाली हव्या होत्या. त्यासाठी त्यांच्यापाशी कीर्तनाचे, लावणीचे, कानडी पदांचे आणि दक्षिणी ढंगाच्या गाण्याचे भांडार लहानपणापासून साठलेले होते. ते त्यांनी मोकळे केले. महाराष्ट्रातील प्रेक्षकांना त्या चाली नव्या वाटल्या आणि नव्या असूनही आपल्या वाटल्या.

तयार चालीवर पद रचणे हे काम वाटते तितके सोपे नाही. स्वर कोठे लांबणार, टाळीवर कोणते अक्षर येणार, आलापासाठी 'आ'कार कोठे मोकळा ठेवायचा, हे सर्व चालीने आधीच ठरवून दिलेले असते. कानडी पदांत प्रास बहुधा चरणाच्या दुसऱ्या अक्षरावर साधलेला असतो. मराठी कानाला तो चरणाच्या अंती हवा असतो. कानडी शब्द बहुतांशी स्वरान्त असल्याने तो सुरात सहज वाहतो. मराठी शब्दाचा शेवट अनेकदा व्यंजनावर आपटतो. तेव्हा कानडी चालीत मराठी शब्द बसवणारा कवी भाषांतर करीत नसतो. मूळ गाण्याचा अर्थ तो बाजूला ठेवतो आणि त्याची चाल, त्याचा श्वास, त्याची हुरहूर तेवढी घेतो. मूळ पदात एखादी भक्ताची विनवणी असेल, तर मराठीत त्याच सुरावर सुभद्रा आपले दुःख सांगते. सुराला भाषेची अडचण होत नाही, हे किर्लोस्करांना शाळेने शिकवले नव्हते. ते धारवाडच्या गल्ल्यांतून आणि गुर्लहोसूरच्या मैदानातून त्यांच्या कानांनी आपोआप शिकून घेतले होते. २ नोव्हेंबर १८८५ रोजी त्यांचे निधन झाले, तेही गुर्लहोसूर येथेच. रंगभूमीवरील त्यांची कारकीर्द पुरती पाच-सहा वर्षांची; पण पुढील अर्धशतक तिच्यावर जगले.

या देवघेवीला एक सलणारी बाजूही आहे आणि इतिहास लिहिताना ती झाकून चालणार नाही. पेशवाईच्या अस्तानंतर धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात आला. कारभारात, शाळांत आणि प्रतिष्ठित समाजात मराठीचे वर्चस्व होते. कानडी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यालाही मराठीतून शिकावे लागे. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे आली आणि मराठी नाटक मंडळ्यांना हुबळी, धारवाड, गदग ही मुक्कामाची गावे झाली. त्यांच्या खेळांना कानडी प्रेक्षक गर्दी करीत. सूर आपले आणि शब्द मात्र परके, याची टोचणी काहींना लागली. गदगचे शांतकवी, म्हणजे सक्करी बाळाचार्य (१८५६–१९२०), यांनी कानडीत नाटके लिहिण्यास घेतली, त्यामागे ही टोचणी होती. १८९० मध्ये रा. ह. देशपांडे यांच्या पुढाकाराने धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला. कानडी भाषेच्या पुनरुत्थानाची ती सुरुवात होती आणि ती न्याय्यच होती. विशेष हे, की कानडी नाटक मंडळ्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी मराठी नाट्यपदांच्या चाली निःसंकोचपणे उचलल्या. किर्लोस्करांनी कानडीतून नेलेले सूर मराठी रंगभूमीवर मुरून, ख्यालाचा संस्कार घेऊन, पुन्हा कानडी रंगभूमीवर आले. भाषिक अभिमान दोन्ही बाजूंना तीव्र होता. तरी चालींनी कधी कोणाला जात वा भाषा विचारली नाही.

ख्यालाचा संस्कार म्हटला तो कसा झाला, याचाही एक दुवा धारवाडात सापडतो. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) हे काही काळ धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीतशिक्षक होते. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांची विद्या ज्यांच्या गळ्यात एकवटली होती, त्या गायकाने येथे भावी शिक्षकांना सारेगम शिकवली. पुढे १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'संगीत स्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेव्हा त्याच्या चाली भास्करबुवांनी दिल्या. घराण्यातील अस्सल चिजा त्यांनी पुढे ठेवल्या आणि त्यांच्या साच्यात खाडिलकरांनी मराठी शब्द घातले. केसरीच्या अग्रलेखांसाठी प्रसिद्ध असलेली ती कणखर लेखणी बंदिशीच्या वळणाने वळू लागली. बालगंधर्वांच्या गळ्यातून ती पदे घरोघर गेली. ज्यांनी जन्मात कधी ख्यालाची मैफल ऐकली नव्हती, त्यांना राग ओळखीचे झाले. येथेही क्रम तोच राहिला, आधी चाल आणि मग पद. फरक एवढाच, की किर्लोस्करांनी मैदानातील गाणे नाटकात आणले आणि भास्करबुवांनी दरबारातील.

दरम्यान किराणा घराण्याचे अब्दुल करीमखाँ (१८७२–१९३७) मिरजेस स्थायिक झाले होते. म्हैसूर दरबारी जाता-येता त्यांचा मुक्काम या भागात पडत असे. कुंदगोळच्या रामचंद्र गणेश सौंशी या तरुणाला त्यांच्या सुरांनी असे झपाटले, की त्याने सर्व सोडून त्यांचे शिष्यत्व पत्करले. हेच रामभाऊ कुंदगोळकर (१८८६–१९५२). शिक्षण संपवून ते मराठी संगीत रंगभूमीवर गेले आणि स्त्रीभूमिका गाजवू लागले. अमरावतीस दादासाहेब खापर्डे यांनी त्यांना 'सवाई गंधर्व' म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. घरची भाषा कानडी, रंगभूमीची भाषा मराठी, चिजांची भाषा ब्रज आणि गुरूची बोली उत्तर हिंदुस्थानची. अशा चार भाषांतून त्या एका गळ्याने प्रवास केला. बोलपटाच्या आगमनानंतर नाटक मंडळ्या ओसरल्या आणि रामभाऊ मैफलीचे गायक व गुरू म्हणून उरले. त्यांचे गुरुपण या मुलखाला अधिक फळले.

येथवर गाणारे आणि लिहिणारे यांचा विचार झाला. परंतु प्रत्येक गाणारा हा प्रथम ऐकणारा असतो आणि ऐकण्याचा अधिकार सर्वांना सारखा नव्हता. धारवाडात १९१३ मध्ये जन्मलेल्या गंगूबाई हनगल यांची कथा या संदर्भात सांगावी लागते. त्यांच्या मातोश्री अंबाबाई या कर्नाटक संगीताच्या उत्तम गायिका. त्यांचे गाणे ऐकण्यास अब्दुल करीमखाँही येत. लहानग्या गंगूला ग्रामोफोनचे वेड होते. कोठे तबकडीचा आवाज कानी आला, की ती घरातून धावत रस्त्यावर जाई आणि ऐकलेले गाऊन पाही. गाणाऱ्या बायकांच्या कुळातील म्हणून त्या मुलीला गावाची कुचेष्टा सोसावी लागली. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये महात्मा गांधींच्या उपस्थितीत स्वागतगीत गाण्याची संधी तिला मिळाली, तेव्हा तिचे वय अकरा. गाण्याची भीती नव्हती; पंगतीच्या वेळी आपल्याला काय वागणूक मिळेल याची धास्ती होती, अशी आठवण त्यांनी पुढे सांगितली. ज्या समाजाने तिचा सूर मंचावर बोलावला, तोच समाज तिला पानावर शेजारी बसवील याची खात्री त्या बालमनाला नव्हती. संगीताच्या प्रेरणेचे गोडवे गाताना हे विसरता येत नाही.

१९२८ मध्ये कुटुंब हुबळीस आले, ते गंगूबाईंना कृष्णाचार्य हुलगूर यांच्यापाशी हिंदुस्थानी संगीत शिकता यावे म्हणून. मुलीच्या गळ्यावर कर्नाटक पद्धतीचा ठसा उमटू नये यासाठी अंबाबाईंनी स्वतःचे गाणे थांबवले. एका सुराला वाट मिळावी म्हणून दुसऱ्या सुराने मौन पत्करले. या त्यागाची नोंद कोणत्याही 'चाल' या ओळीत होत नाही. पुढे सवाई गंधर्वांकडे शिकण्यासाठी गंगूबाई हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जात आणि रात्री परत येत. त्यांच्या आरंभीच्या तबकड्यांवर 'गांधारी हनगल' असे नाव असे. त्या काळी मराठी भावगीतेही त्यांनी ध्वनिमुद्रित केली. आजाराने आवाज बदलला, जाड आणि भरदार झाला. त्याच आवाजाने त्यांनी पुढे अर्धशतकाहून अधिक काळ मैफली जिंकल्या. २१ जुलै २००९ रोजी हुबळीतच त्यांचे निधन झाले.

गदगच्या भीमसेन जोशी (१९२२–२०११) यांची कथा अधिक परिचित आहे. अब्दुल करीमखाँ यांची झिंझोटीतील ठुमरी त्यांनी लहानपणी तबकडीवर ऐकली आणि आपल्याला असे गाता आले पाहिजे, या एकाच ध्यासाने ते १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, घरातून निघून गेले. तिकिटाविना आगगाडीचा प्रवास, ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंधर अशी भ्रमंती आणि अखेरीस १९३६ मध्ये घरापासून हाकेच्या अंतरावर कुंदगोळात सवाई गंधर्वांचे पाय धरणे, असा तो वेढा पडला. ज्या सुराच्या शोधात हिंदुस्थान पालथा घातला, तो सूर परसदारी होता. तथापि त्या भ्रमंतीला वाया गेलेली म्हणता येणार नाही. तीन मिनिटांच्या तबकडीने एका मुलात किती दूरवर जाण्याची शक्ती निर्माण केली, हे त्या भ्रमंतीनेच सिद्ध केले.

आधी चाल मग पद, हा क्रम उलटल्याची उदाहरणेही याच मातीत आहेत. मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२) हे धारवाडजवळच्या मन्सूर गावचे. बालपणी कानडी नाटक मंडळीत भूमिका केल्या, नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेर गायकी शिकली आणि नंतर मंजीखाँ व भूर्जीखाँ यांच्याकडून जयपूर घराण्याची विद्या मिळवली. अशा या गायकाने बाराव्या शतकातील शिवशरणांची वचने रागांत बांधून गायिली. वचन हे गद्याच्या जवळचे, छंदाला न जुमानणारे. तेथे शब्द आठशे वर्षांपूर्वीच येऊन बसलेला होता. सुराला त्याच्याकडे चालत जावे लागले. भीमसेनांनी मराठी संतांच्या अभंगांबाबत तेच केले. 'संतवाणी'च्या कार्यक्रमांतून तुकोबा आणि नामदेव ज्या घनगंभीर आवाजात महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पुन्हा पोहोचले, त्या आवाजाची मातृभाषा कानडी होती. किर्लोस्करांनी येथून सूर नेले होते. शंभर वर्षांनी येथल्याच एका गायकाने मराठीला तिचे स्वतःचे शब्द नव्या सुरांसह परत केले.

कवी आणि कथाकार यांच्याकडे वळले, तरी हेच चित्र दिसते. द. रा. बेंद्रे (१८९६–१९८१) हे धारवाडचे, घरची भाषा मराठी, आणि कानडी काव्याचे युगप्रवर्तक. धारवाडी बोली आणि लोकगीतांची लय यांना त्यांनी कानडी काव्यात मानाचे स्थान दिले. त्यांची कविता वाचण्याआधी ऐकावी लागते, असे कानडी रसिक मानतात. ज्या काव्यसंग्रहासाठी त्यांना १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, त्याचे नाव 'नाकु तंति' (१९६४), म्हणजे चार तारा. तंबोऱ्याच्या चार तारांचे चित्र समोर आल्याशिवाय ते नाव वाचताच येत नाही. मराठी घरात वाढलेल्या कानाने कानडी भाषेला असे सूर द्यावेत, हे किर्लोस्करांच्या कर्जाची एक प्रकारे फेडच होय. बेंद्रे मराठीतही लिहीत राहिले.

त्याच धारवाडात जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांनी इंग्रजीचे अध्यापन करीत आयुष्याचा मोठा काळ घालवला आणि 'काजळमाया', 'रमलखुणा', 'पिंगळावेळ' यांतील कथा मराठीला दिल्या. 'पिंगळावेळ' (१९७७) या संग्रहात 'ऑर्फियस' नावाची कथा आहे. ग्रीक पुराणातील हा गायक आपल्या सुरांनी मृत्युलोकाला द्रववतो. पत्नीला परत नेण्याची अनुज्ञा मिळते, ती वाटेत मागे वळून न पाहण्याच्या अटीवर. तो वळून पाहतो आणि तिला कायमचा गमावतो. जी. एं.नी त्या वळून पाहण्याच्या क्षणाला स्वतःचा अर्थ दिला. संगीत मृत्यूचे दार उघडू शकेल. पण उघडल्या दारातून माणसाने काय आणावे, हा प्रश्न संगीत सोडवत नाही, तो कथाकाराला घ्यावा लागतो. गायकांच्या गावी राहणाऱ्या कथाकाराने गायकाची ही कथा निवडावी, यात विशेष औचित्य आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड आणि बेळगाव हे जिल्हे मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेले. नकाशावरील त्या रेघेने अनेकांची मने दुखावली आणि त्या वादाचे कढ दोन्ही बाजूंच्या घरांनी सोसले. हुबळी-धारवाडातील मराठी कुटुंबांची मुले कानडी आणि इंग्रजी शाळांत शिकू लागली. मराठी बोलता येते, पण वाचता येत नाही, अशी पिढी घरोघर दिसू लागली. मराठी ग्रंथालयापुढे यातून जो प्रश्न उभा राहतो, तो केवळ वर्गणीदारांच्या संख्येचा नाही. ज्या पुस्तकांना वाचक उरत नाही त्यांचे काय करायचे, असा तो प्रश्न आहे. अशा वेळी भाषेचा अभिमान एक तर हट्टी होतो किंवा हताश. येथील संगीताचा इतिहास तिसरी वाट सुचवतो. मराठी या मुलखात पाहुणी म्हणून राहिली नाही आणि मालकीण म्हणून राहण्याचा तिचा काळही गेला. ती येथे देवघेव करणारी शेजारीण म्हणून जगली, तेव्हाच तिला सर्वांत समृद्ध पीक आले.

याच दृष्टीने ती 'चाल'ची ओळ पुन्हा पाहावी. तेथे नोंदलेल्या कानडी गाण्यांचे आरंभीचे शब्द छापलेले आहेत, स्वर मात्र छापलेले नाहीत. पुस्तक छापले गेले तेव्हा त्याची गरज नव्हती. दोन शब्द वाचले की वाचकाला चाल आठवे. आज मराठी वाचकाला ते कानडी शब्द अनोळखी आहेत आणि कानडी वाचकाच्या हाती ते मराठी पुस्तक पडत नाही. ज्यांना दोन्ही ठाऊक आहे अशी माणसे हुबळी-धारवाडच्या जुन्या घरांतून अजून असतील. आजीने जात्यावर, देवघरात किंवा पाळण्यापाशी म्हटलेले एखादे कानडी पद त्यांच्या ओठांवर असेल. ती त्यांच्याबरोबर गेली, की त्या ओळी कायमच्या मुक्या होतील.

जुन्या मराठी ग्रंथालयाला हाती घेता येण्यासारखे हे काम आहे. कपाटातील नाटकांची पुस्तके काढून त्यांतील कानडी चालींची यादी करावी, ती घेऊन मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषांच्या वृद्धांकडे जावे, आणि ज्याला जे आठवेल ते गाऊन घेऊन ध्वनिमुद्रित करावे. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. ऐकण्याची तयारी लागते. पुस्तके राखणे हे ग्रंथालयाचे काम खरेच, पण काही पुस्तके अशी असतात की त्यांचा अर्धा भाग कागदावर आणि अर्धा कोणाच्या तरी गळ्यात असतो. दुर्गदबैलसारख्या चौकात, जेथे एकाच वाक्यात दोन भाषा सहज बोलल्या जातात, तेथे तो दुसरा अर्धा भाग शोधण्यास अद्याप वेळ गेलेली नाही.